धमनीच्या भिंतीतील दाह

भुशीच्या धरणाच्या पायऱ्यांवरून कोसळणाऱ्या पाण्यात भिजावयास दर पावसाळ्यात जी सहस्रावधी माणसे लोणावळ्यास लोटतात, त्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते की, हे धरण रेल्वेने आपल्या वाफेच्या इंजिनांना पाणी पुरवण्यासाठी बांधले. अशा इंजिनांच्या बॉयलरमध्ये पाण्यातील क्षारांचा थर साचे आणि तो वेळोवेळी खरवडून काढावा लागे. हृदयविकाराविषयी बोलताना आपण बहुधा असेच चित्र मनाशी धरतो. रक्तात चरबी वाढली, ती आतून चिकटली, नळी बुजली, असे म्हणून मोकळे होतो. परंतु धमनी ही निर्जीव नळी नव्हे. तिच्या भिंतीत जे घडते ते बाहेरून साचणे नसून आतून पेटणे आहे, हे उमगल्यावाचून या रोगाचे मर्म हाती येत नाही.

धमनीच्या आतल्या अंगास पेशींचे अतिशय तलम अस्तर असते. तंबाखूचा धूर, मधुमेह किंवा वाढलेला रक्तदाब यांनी ते दुखावले म्हणजे कोलेस्टेरॉल वाहणारे एलडीएलचे कण त्याखाली अधिक प्रमाणात शिरतात, तेथेच अडकतात आणि विकृत होतात. तेव्हा अस्तरातील पेशी आपल्या पृष्ठभागावर चिकट प्रथिने आणतात. रक्तातून वाहणाऱ्या मोनोसाइट नामक पांढऱ्या पेशी त्यांना धरून थबकतात, भिंतीत उतरतात आणि भक्षकपेशींचे रूप घेऊन ते कण गिळू लागतात. गिळता गिळता त्या चरबीच्या थेंबांनी फुगून फेसाळ दिसतात, कित्येक जागीच मरतात, आणि त्यांचे अवशेष उचलावयास आलेल्या नव्या पेशींचीही तीच गत होते. कोलेस्टेरॉलचे स्फटिक भक्षकपेशीत शिरले म्हणजे ती इंटरल्युकिन-१ बीटा हा दाहकारक पदार्थ सोडून आणखी पेशींना पाचारण करते. अशा रीतीने भिंतीत चरबीची व मृत पेशींची गाठ बनते. टी-पेशी या दुसऱ्या पांढऱ्या पेशींच्या स्रावांनी गाठीवरील तंतुमय आवरण दुबळे होते, आणि भक्षकपेशींची विकरे ते कुरतडतात. आवरण फाटताच तेथे रक्त गोठते. म्हणूनच जिने धमनी निम्मीदेखील अडवलेली नव्हती, अशी गाठही फुटून प्राण घेऊ शकते.

जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच या विकारातील दाह ओळखला होता; परंतु त्याचा निर्विवाद दाखला मिळण्यास २०१७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या कँटोस या चाचणीत, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या दहा हजारांहून अधिक रुग्णांवर इंटरल्युकिन-१ बीटाला अटकाव करणारे औषध पारखले गेले. कोलेस्टेरॉल घटले नसतानाही, मधल्या मात्रेने हृदयविकार, पक्षाघात व तज्जन्य मृत्यू यांचे प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी उतरले. मात्र औषध घेणाऱ्यांत जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू वाढले, कारण ज्या पेशी धमनीत दाह माजवतात, त्याच आपले रक्षणही करतात.

दाह आवरतानाही असे तारतम्य लागते, याची साक्ष लोणावळ्याभोवतीच्या मावळच्या रानातही आहे. श्रावण-भाद्रपदात येथील डोंगरउतारांवर पानांच्या टोकांचे आकडे झुडपांत अडकवीत कळलावी वर चढते. नागमोडी कडांच्या तिच्या पाकळ्या खाली पिवळ्या, वर लालभडक असतात. तिच्या विषारी कंदात असलेले कोल्चिसिन हे द्रव्य शुद्ध करून रोज अर्धा मिलिग्रॅम दिल्यास जुनाट हृदयविकाराच्या रुग्णांतील नवे आघात कमी होतात, असे २०२० साली दिसले. झटक्यानंतर लगेच दिल्याने मात्र २०२४ च्या एका मोठ्या चाचणीत लाभ आढळला नाही. रानातला कंद पोटात गेल्यास प्राणावर बेतते. तेव्हा हा इलाज वैद्यकीय देखरेखीच्या हद्दीतच राहिला पाहिजे.

दाह शमवणाऱ्या औषधांहून दाहाचे निमित्त दूर करणे श्रेयस्कर, हे बर्जरच्या रोगात सर्वांत लख्ख दिसते. विडी-तंबाखूच्या आहारी गेलेल्या तरुणांच्या हातापायांच्या रक्तवाहिन्यांत दाहपेशींनी भरलेल्या गुठळ्या होतात, बोटे काळी पडतात, आणि तंबाखू समूळ सोडणे हाच रोग थोपवण्याचा खात्रीचा उपाय ठरतो. रक्तदाब व साखर आटोक्यात ठेवणे, डॉक्टरांनी दिलेली कोलेस्टेरॉलची गोळी मनाने बंद न करणे आणि विडी कायमची टाकणे, ही सामान्य माणसाच्या हातातील कामे आहेत. आपल्याच रक्षकपेशींना आपल्यावर उठण्याचे कारण न देण्याचा याहून सोपा मार्ग नाही.