विश्लेषण : तीन भावांच्या आजारातून उलगडलेला ‘फॅन्कोनी ॲनिमिया’ काय आहे? वेळेत निदान का महत्त्वाचे?

लाल पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स या तिन्ही हाडांमधील अस्थिमज्जेत तयार होतात. काही मुलांमध्ये जन्मजात दोषामुळे ही निर्मिती हळूहळू बंद पडते. ‘फॅन्कोनी ॲनिमिया’ हा त्यातलाच एक दुर्मीळ आजार.

कोण होते फॅन्कोनी?

ग्विडो फॅन्कोनी (१८९२-१९७९) हे स्वित्झर्लंडचे बालरोगतज्ज्ञ. १९२७ मध्ये त्यांनी एकाच कुटुंबातील तीन भावांची नोंद प्रसिद्ध केली. तिघांना गंभीर ॲनिमिया होता आणि शारीरिक व्यंगेही होती. रक्ताचा आजार आणि व्यंगे यांचा एकत्र विचार करणे, हे त्यांचे मोठे योगदान. १९२९ ते १९६२ या काळात ते झुरिचच्या बालरुग्णालयाचे प्रमुख होते. १९६७ मध्ये, पंचाहत्तरीत, त्यांनी याच आजारावर पुन्हा सविस्तर लेख लिहिला. (मूत्रपिंडाचा ‘फॅन्कोनी सिंड्रोम’ हा मात्र वेगळा आजार आहे.)

बिघाड नेमका कुठे?

पेशींना डीएनएमधील विशिष्ट प्रकारची मोडतोड दुरुस्त करता येत नाही. यामागे २०हून अधिक जनुके असल्याचे आता माहीत आहे. कमी उंची, अंगठ्यातील व्यंग, त्वचेवर कॉफीच्या रंगाचे डाग ही काही लक्षणे. मात्र काही मुलांमध्ये बाहेरून काहीच दिसत नाही. या रुग्णांना रक्ताचा आणि तोंडाचा कर्करोग होण्याचा धोकाही अधिक असतो.

निदान कसे होते?

रक्तपेशींवर प्रयोगशाळेत विशिष्ट रसायन टाकले जाते. आजार असल्यास गुणसूत्रे नेहमीपेक्षा खूप जास्त तुटतात. मुंबईत परळ येथील ‘एनआयआयएच’ या आयसीएमआरच्या संस्थेत या आजारावर संशोधन झाले आहे.

निदान चुकले तर?

अस्थिमज्जा निकामी झाल्यास प्रत्यारोपण हा मुख्य उपाय. त्याआधी द्यावी लागणारी केमोथेरपीही डीएनएवरच घाव घालते. त्यामुळे इतरांना चालणारा डोस या मुलांच्या जिवावर बेतू शकतो. पॅरिसच्या डॉ. एलियान ग्लुकमन यांनी कमी डोसची पद्धत रुजवली. १९८८ मध्ये त्यांच्याच पथकाने याच आजाराच्या मुलावर जगातील पहिले नाळेतील रक्ताचे प्रत्यारोपण केले. रक्त त्याच्या नवजात बहिणीचे होते. तिला हा आजार नाही, याची खात्री जन्माआधीच करण्यात आली होती.

पालकांनी काय लक्षात ठेवावे?

बहुतेक कुटुंबांत आई-वडील दोघेही सदोष जनुकाचे वाहक असतात, पण स्वतः निरोगी असतात. अशा वेळी प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणूनच भावंड ठणठणीत दिसत असले, तरी दाता ठरवण्यापूर्वी त्याचीही तपासणी आवश्यक असते.