पाच रुपयांचं नाव

१५ मार्च १९५९. गिरगावातल्या लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी जेमतेम चार पाकिटं तयार झाली. पहिल्याच पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. मालाला नाव मिळालं ते १९६२ मध्ये. त्यासाठी स्पर्धा ठेवली होती आणि बक्षीस होतं पाच रुपये. त्या पाच रुपयांत मिळालेलं नाव म्हणजे ‘लिज्जत’.

या गोष्टीतला बक्षिसाचा आकडा सगळ्यांना आवडतो, पण मधल्या तीन वर्षांत काय झालं हे जास्त महत्त्वाचं आहे. सुरुवातीला या बायका दोन प्रतींचे पापड करत. एक चांगला, दुसरा जरा हलका आणि स्वस्त. त्यांचे मार्गदर्शक छगनलाल पारेख यांनी सांगितलं की एकच प्रत ठेवा आणि तिच्यात तडजोड करू नका. पुढे काम वाढल्यावर पीठ केंद्रावर मळायचं, बायकांनी घरी नेऊन लाटायचं आणि वाळलेले पापड तपासूनच घ्यायचे, अशी पद्धत बसली. शेकडो हातांनी लाटलेला पापड एकसारखा लागू लागला. टीव्हीवरच्या लिज्जतच्या जाहिरातीतला, शब्दभ्रमकार रामदास पाध्यांचा हसरा ससा त्यानंतर कितीतरी वर्षांनी आला. म्हणजे आधी माल, मग नाव आणि सगळ्यात शेवटी जाहिरात.

आज नवा धंदा काढणारे बहुतेक जण नेमके उलटे जातात. लोगो होतो, फ्लेक्स लागतो, रील्स सुरू होतात आणि भाजणीची चव मात्र दर खेपेला वेगळी. हाताशी पैसा थोडा असेल, तर ब्रँडकडून एकाच कामाची अपेक्षा ठेवावी: खूश झालेल्या गिऱ्हाइकाला आपली ओळख दुसऱ्या माणसाला बिनचूक सांगता आली पाहिजे. ही ओळख ज्या खर्चाने सोपी होते तो करावा, बाकीचा पुढे ढकलावा.

नाव: फोनवर सांगून पाहा

नाव ठरवताना एक फुकटची परीक्षा घेता येते. ते फोनवर एकदाच सांगावं आणि पलीकडच्याला मराठीत आणि इंग्रजीत लिहायला लावावं. त्याला दोनदा विचारावं लागलं, तर शेजारीण शेजारणीला सांगताना तेच होणार.

दुसरी अडचण कायद्याची. ‘चविष्ट मसाले’ किंवा ‘शुद्ध तूप’ अशी मालाचं नुसतं वर्णन करणारी नावं ट्रेडमार्क म्हणून सहसा मिळत नाहीत, कारण ते शब्द सगळ्याच व्यापाऱ्यांना लागतात. आडनावाचीही अडचण होते. एकाच पेठेत एकाच आडनावाचे चार मसालेवाले निघाले की गिऱ्हाईक गोंधळतं आणि वाद उभा राहतो. मालाशी थेट संबंध नसलेला किंवा स्वतः घडवलेला शब्द रुजायला वेळ घेतो, पण तो आपला म्हणून सांभाळता येतो.

ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर एखादं नाव आधीच कोणी घेतलं आहे का, हे विनामूल्य पाहता येतं. लेबल छापण्याआधी तिथे शोध घ्यावाच. वस्तू आणि सेवांचे ४५ वर्ग आहेत. मसाले ३० व्या वर्गात येतात, लोणची सहसा २९ व्या. ऑनलाइन अर्जाचं सरकारी शुल्क एका वर्गासाठी व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला ४,५०० रुपये पडतं, इतरांना ९,०००. नोंदणी दहा वर्षं टिकते आणि पुढे नूतनीकरण करता येतं. पैसे एकाच अर्जापुरते असतील, तर रंगीत लोगोआधी नुसत्या शब्दाचा अर्ज करणं शहाणपणाचं. लोगो उद्या बदलला तरी शब्द कायम राहतो. ‘टीएम’ ही अक्षरं नोंदणीआधीही लावता येतात. वर्तुळातला ‘आर’ मात्र नोंदणी हातात आल्यावरच. आधी लावला तर तो गुन्हा ठरतो.

लेबल: छपाईचं गणित

छापील पाऊचची चौकशी करायला गेलं की आकडा ऐकून घाम फुटतो. पाऊचवर ग्रॅव्हूर छपाई होते तेव्हा प्रत्येक रंगासाठी वेगळा सिलिंडर कोरावा लागतो. तो खर्च भरून यावा म्हणून कारखाना हजारो पाऊचची किमान ऑर्डर मागतो. पहिल्या वर्षी एवढे पाऊच घरात पडून राहतात. मध्येच पत्ता किंवा किंमत बदलली की रद्दीत जातात. त्यापेक्षा बाजारात मिळणारे साधे पाऊच घ्यावेत आणि त्यांवर एक-दोन रंगांची चिकटलेबलं लावावीत. लेबलं डिजिटल छपाईत थोडक्या संख्येतही मिळतात. कागदी पिशवीवर रबरी शिक्का मारला तरी चालतं, फक्त तो दर वेळी त्याच जागी, त्याच रंगात हवा. कपाटाच्या फळीवर माणूस आधी रंग ओळखतो, अक्षरं नंतर वाचतो.

लेबलावर कायद्याने लागणारा मजकूर भरपूर असतो: उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, उत्पादनाची तारीख, तक्रारीसाठी संपर्क. खाण्याचा माल असेल तर घटक, वापराची मुदत, शाकाहाराचं हिरवं चिन्ह आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी क्रमांकही लागतो. अनेक जण हा मजकूर मागे बारीक अक्षरांत कोंबतात. अनोळखी मालाच्या बाबतीत गिऱ्हाईक पाकीट उलटून नेमकं तेच वाचतं. तो नीट, सुटसुटीत छापला की विश्वास बसतो, आणि त्यासाठी जास्तीचा पैसा लागत नाही.

शंका: किर्लोस्करांचा धडा

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोखंडी नांगर काढला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर चांगला होता, तरी पहिली विक्री व्हायला दोनेक वर्षं गेली. पुढे १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागलं. कारखान्याची आणि मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत नेणाऱ्या त्या पत्राचं पुढे मराठीतलं एक मोठं मासिक झालं.

आपल्या गिऱ्हाइकाच्या मनातही अशी एखादी शंका असते. मसाल्यात रंग घातलाय का? चकली कुठल्या तेलात तळली? घरी शिवलेला कुर्ता पहिल्या धुण्यात आटेल का? ही शंका हुडकून तिचं उत्तर दोन ओळींत लेबलावर, दुकानाच्या पाटीवर आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या कॅटलॉगमध्ये सगळीकडे त्याच शब्दांत द्यावं. ‘मिरची ब्याडगी, दळण दर सोमवारी’ हे वाक्य ‘परंपरेची अस्सल चव’पेक्षा जास्त माल विकतं, कारण ते तपासता येतं.

पैसा: कशानंतर काय

थोडक्या पैशांत क्रम असा ठेवता येतो. आधी वजन-मापाने लिहिलेली कृती, म्हणजे माल दर खेपेला सारखा उतरेल. मग नावाचा शोध आणि अर्ज. त्यानंतर लेबलं, आणि दिवसाउजेडी खिडकीजवळ काढलेले मालाचे स्वच्छ फोटो. त्याला चांगला मोबाइल पुरतो. उरलेल्या रकमेतला मोठा वाटा चवीच्या पुड्यांसाठी ठेवावा, कारण पन्नास ग्रॅमची पुडी ज्या घरात जाते तिथे ती शिजते आणि तिच्याबद्दल बोललं जातं. फ्लेक्स आणि पैसे भरून केलेल्या ऑनलाइन जाहिराती शेवटी. माल पुन्हा मागणारी माणसं तयार झाली नसतील, तर जाहिरातीने आलेलं गिऱ्हाईक एकदाच येतं.

विक्रीच्या वहीत एक रकाना वाढवावा: ‘कोणाकडून कळलं?’ दिवाळीची गर्दी ओसरली की तो वाचून पाहावा. एखाद्या सोसायटीतून, एखाद्या शाळेतल्या शिक्षिकांकडून किंवा भिशीतून नावं पुन्हा पुन्हा आलेली दिसतील. पुढच्या हंगामाच्या चवीच्या पुड्या आधी तिकडे पाठवाव्यात.