क्रीडाशिक्षकांसाठी हाताने रंगविलेली भेट

क्रीडाशिक्षकांचे ऋण विकतच्या वस्तूने फिटत नाही. म्हणून आम्ही सुचवितो, वारली पद्धतीचे खो-खोचे चित्र. प्लायवूडचा तुकडा पॉलिश पेपरने घासून गेरूच्या छटेच्या ॲक्रिलिक रंगाचे दोन हात द्यावेत. पहिला वाळल्यावरच दुसरा. पोस्टर रंग ओल्या हाताने पुसला जातो. दोन टोकांना खांब, मधल्या पट्टीत एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसलेले आठ खेळाडू आणि पाठलाग करणारा नववा पांढऱ्या रंगाने काढावेत. दोन त्रिकोणांची टोके जुळविली की धड तयार होते. मागील बाजूस संपूर्ण संघाची नावे लिहावीत. राखीव खेळाडूंना वगळू नये. संघ त्यांच्याही घामावर उभा असतो, हे सरांनीच आपल्याला शिकविले आहे.