औषध सुरू आहे, मग दूध बंद का?

सिझेरियनचे टाके, लघवीची जळजळ, छातीत गाठ होऊन आलेला ताप... बाळंतिणीला अँटिबायोटिक घ्यावे लागते ते अशा कारणांनी. गोळ्या घरात आल्या की वडीलधाऱ्या बाया काळजीने म्हणतात, 'दुधातून औषध बाळाला जाईल, काही दिवस वरचे दूध द्या.' मग एक तर बाळाला बाटली लागते, नाहीतर आई गुपचूप गोळ्या टाळते. बहुतेक वेळा या दोन्हींची गरज नसते, हे आम्हाला भगिनींना सांगायचे आहे.

औषधाचा अंश दुधात उतरतो, हे खरे. पण अमॉक्सिसिलिन, सेफॅलेक्सिन यांसारख्या नेहमीच्या औषधांचा हा अंश फार थोडा असतो. हीच औषधे गरज पडल्यास तान्ह्या बाळांनाही देतात. छातीत गाठ झाली असेल तर अचानक पाजणे थांबवल्याने दूध साचते, सूज वाढते आणि पू होण्याचा धोका असतो.

काही औषधांना मात्र जपावे लागते. बाळ महिन्याच्या आतले, अपुऱ्या दिवसांचे किंवा कावीळ झालेले असेल तर नायट्रोफ्युरंटॉइन आणि को-ट्रायमॉक्साझोल सहसा टाळतात. मेट्रोनिडॅझोलचा एकच मोठा डोस दिला, तर डॉक्टर 12 ते 24 तास दूध काढून टाकायला सांगू शकतात.

म्हणून डॉक्टरांना आपणहून सांगावे: बाळ अंगावर पिते, त्याचे वय इतके, जन्म वेळेआधी झाला का, कावीळ होती का. मागच्या वेळच्या उरलेल्या किंवा मेडिकलमधून स्वतःच आणलेल्या गोळ्या घेऊ नयेत. बरे वाटले म्हणून डॉक्टरांना न विचारता कोर्स सोडू नये.

बाळाला थोडी पातळ शी होणे, तोंडात पांढरे चट्टे किंवा लंगोटाच्या जागी पुरळ येणे, असे होऊ शकते. डॉक्टरांना कळवावे, पाजणे चालू ठेवावे. शौचात रक्त दिसले, अंगभर पुरळ उठले, बाळ पिईनासे झाले किंवा सुस्त पडले, तर मात्र लगेच दवाखाना गाठावा.

रमजानात दिवसातून तीनदा गोळी असेल तर सहरी आणि इफ्तारच्या दोन वेळांत ती बसवू नये. आजारी माणसाला रोजा पुढे ढकलण्याची सवलत शरीयतने दिली आहे; स्वतःच्या किंवा बाळाच्या तब्येतीची भीती असेल तर दूध पाजणाऱ्या आईलाही ती आहे. राहिलेल्या रोजांबद्दल आलिमांना विचारावे.

सूरह बकराच्या 233व्या आयतीत पूर्ण दोन वर्षे दूध पाजण्याचा उल्लेख आहे. चार दिवसांच्या गोळ्यांपायी बाळाचा हा हक्क तोडण्याआधी एकदा डॉक्टरांना विचारा.