काळजात साठलेली चरबी

मटणाच्या दुकानात ‘काळीज’ मागितले की दुकानदार यकृत तोलून देतो. पण ‘काळीज फाटले’ म्हणणारा माणूस हात ठेवतो तो छातीवर. मराठीने यकृत आणि हृदय यांना एकाच शब्दात बसविले, हा कोणास भाषेचा ढिसाळपणा वाटेल. गेल्या दोन-तीन दशकांतील वैद्यकशास्त्र मात्र या दोन अवयवांचे भवितव्य एकमेकांत किती गुंतले आहे, हेच सांगू लागले आहे.

चाळिशी ओलांडलेल्या शिक्षकाची वा कारकुनाची सोनोग्राफी दुसऱ्याच कारणासाठी होते आणि अहवालाच्या तळाशी ‘फॅटी लिव्हर, ग्रेड एक’ अशी ओळ निघते. मग दारूला कधी न शिवलेला गृहस्थ खजील होऊन अहवाल लपवितो. नाही तर ‘हे हल्ली सगळ्यांनाच असते’ असे म्हणून तो कपाटात ठेवून देतो. दोन्ही प्रतिक्रिया चुकीच्या. दारूमुळे यकृतात चरबी साठते हे खरेच. परंतु दारूचा थेंब न घेणाऱ्यांतही ती साठते आणि तिचे मूळ चयापचयाच्या बिघाडात असते. २०२३ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ संघटनांनी या विकाराचे ‘दारूविरहित’ असे जुने नाव टाकून चयापचयाशी नाते सांगणारे नवे नाव दिले, ते याचसाठी.

पन्हाळगडावरील अंबारखाना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना यकृताचे काम समजणे अवघड जाऊ नये. गंगा, यमुना, सरस्वती अशी त्या कोठारांची नावे. एकट्या गंगा कोठीत २५,००० खंडी धान्य मावे असे सांगतात. १६६० साली सिद्दी जौहरने मार्चपासून जुलैपर्यंत गड वेढला होता. कोठारे बांधायची ती अशा प्रसंगासाठी. शरीरातही यकृत सुमारे १०० ग्रॅम ग्लायकोजन राखून ठेवते आणि रात्रीच्या उपासात ते थोडे थोडे रक्तात सोडते. ही जागा भरली की वरकड अन्नाची चरबी होते. निरोगी यकृतात ती ५ टक्क्यांच्या आत असते. अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर हा साठा आणि प्रवाह यांचा प्रश्न आहे. वेढा कधी पडतच नाही, भरणा मात्र दिवसातून पाच वेळा चालू असतो. आमच्या कोल्हापुरात तालमीतल्या पैलवानाचा खुराक घराघरांत टिकला आणि जोर-बैठका तेवढ्या गेल्या, हेही येथे नमूद केले पाहिजे.

भरण्यात साखरेचा वाटा विशेष आहे. साखरेचा निम्मा भाग ग्लुकोज, तो सर्व शरीर वापरते. उरलेला निम्मा फ्रुक्टोज, त्याचा मोठा भार एकट्या यकृतावर पडतो आणि गरजेहून अधिक झाल्यास तेथेच त्याची चरबी बनते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सुचविलेली इष्ट मर्यादा दिवसाला सुमारे २५ ग्रॅम आहे. दोन चमचे साखरेचा चहा कचेरीत चार वेळा होतो. चमच्याला पाच ग्रॅम धरले तर ४० ग्रॅम तेथेच झाले. गुळाने यातून सुटका होते ही आपल्याकडील लाडकी समजूत आहे. गुळात थोडी खनिजे अधिक असतात. बाकी तो मुख्यतः साखरच.

‘मी तर सडपातळ आहे’ हा युक्तिवादही तपासून घ्यावा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपले आणि डॉ. जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याचे छायाचित्र शेजारी-शेजारी छापले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३; शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. हातपाय बारीक आणि चरबी पोटाच्या आत, ही आपल्याकडील नेहमीची ठेवण. वजनकाटा तिचा पत्ता लागू देत नाही.

यकृत चरबीने भरले की ते इन्शुलिनला दाद देत नाही. नको तेव्हा रक्तात साखर सोडते, ट्रायग्लिसराइड वाढविते, हितकर कोलेस्टेरॉल घटते आणि रोहिण्यांच्या आतून थर धरू लागतो. म्हणूनच या रुग्णांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण यकृताचा नाश नसून हृदयरोग हे आहे. कर्ज एका खात्यावर वाढते आणि वसुली दुसऱ्या खात्यातून होते. दिलासा एवढाच की, या अवस्थेतून परत फिरता येते. वजन ५ टक्के उतरले तरी यकृतातील चरबी कमी होते. ७ ते १० टक्के उतरल्यास सूजही ओसरू लागते. सत्तर किलोच्या माणसाला हे पाच ते सात किलो.

हे सारे उसाच्या मुलखात बसून लिहिताना संकोच वाटतो. वारणानगर पन्हाळा तालुक्यातच आहे. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या सहकारी साखर कारखान्याभोवती दूध संघ, शाळा, महाविद्यालये वाढली. साखरेने या भागाला शिकविले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण शेतकऱ्याचे हित आणि खाणाऱ्याचे आरोग्य यांत अटळ वैर आहे असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. उसापासून आता इथेनॉलही निघते, २०२५ साली पेट्रोलमध्ये त्याचे प्रमाण २० टक्क्यांवर गेले. उसाचा प्रत्येक कण कोणाच्या तरी यकृतात गेलाच पाहिजे, अशी सक्ती उरलेली नाही.

सरकारचे धोरण मात्र दोन तोंडांनी बोलते. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने हा विकार असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात समाविष्ट केला, ही दूरदृष्टीच होय. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटांवरील वस्तू व सेवा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आणि पाकीटबंद फरसाणावरील १२ वरून ५ टक्क्यांवर आला. साखरयुक्त शीतपेयांवरील एकूण भार पूर्वीइतकाच, ४० टक्के राहिला. किंमत उतरली की मागणी वाढते, हे अकरावीच्या पुस्तकात असते. अर्थ मंत्रालयाला ते ठाऊक नसेल असे कसे म्हणावे? महागाईने गांजलेल्या मध्यमवर्गाला सवलत हवी होती हे मान्य. ती डाळी, फळे आणि भाज्या स्वस्त करूनही देता आली असती.

राष्ट्रीय कार्यक्रमात आशाताई तिशीपुढील प्रत्येकाचा तक्ता भरतात. त्यात पुरुषाची कंबर ९० आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक भरली की धोक्याचे गुण मांडले जातात. हीच मोजपट्टी वर्षातून एकदा शाळांच्या शिक्षक-खोलीत आणि पंचायत समितीच्या कचेरीत फिरविण्यास काय हरकत आहे? ज्यांची कंबर मर्यादेबाहेर भरेल त्यांची रक्तातील साखर पाहावी, दोन यकृत-विकरे आणि प्लेटलेट मोजून घ्याव्यात. या तीन आकड्यांत वय मिळविले की यकृतात व्रण पडू लागल्याचा संभव किती, याचा ‘फिब-४’ नावाचा निर्देशांक निघतो. त्याचे गणित कोणत्याही कचेरीतील कारकुनाला टेबलावरच्या कॅल्क्युलेटरवर करता येते.