शून्य कॅलरीचा डबा आणि टपरीवरचा चहा
वजनाचं गणित : लेखांक सातवा

कोलाडच्या आंबेवाडी नाक्यावर सकाळी दोन तऱ्हेची माणसं दिसतात. एक मुंबई-पुण्याहून आलेली. भिऱ्याच्या वीजघरातून सोडलेलं पाणी कुंडलिकेत उतरलं की राफ्टिंग सुरू होतं, त्यासाठी आलेली. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या हातात ‘डाएट’ किंवा ‘झिरो’ असं लिहिलेला शीतपेयाचा डबा असतो. दुसरी माणसं रोजची : धाटावच्या एमआयडीसीत पाळीला निघालेले कामगार, कोकण रेल्वेच्या रो-रो गाडीवर ट्रक चढवायची वाट बघणारे चालक, एसटीसाठी थांबलेले शिक्षक आणि कारकून. त्यांच्या हातात चहाचा ग्लास असतो.

वजन उतरवायचं तर डाएट सोडा चालेल का, काळी कॉफी प्यावी का, शुगर फ्रीच्या गोळ्या घ्याव्यात का, हे प्रश्न या लेखमालेच्या वाचकांकडून सारखे येत आहेत. या तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच गोष्टीवर अवलंबून आहे : आज तुमच्या पोटात साखर कुठून जाते? डबा हातात असलेल्याचं उत्तर वेगळं आणि ग्लास हातात असलेल्याचं वेगळं.

आधी ग्लास बघू, कारण आपल्याकडची बहुतेक साखर त्यातून जाते. टपरीवरच्या चहात दोन चमचे साखर सहज असते. चहाच्या एका सपाट चमच्यात चार ते पाच ग्रॅम साखर मावते आणि साखरेच्या प्रत्येक ग्रॅममधून चार कॅलरी मिळतात. उठल्यावर एक, कामावर पोचल्यावर एक, दहा वाजताचा, चार वाजताचा आणि घरी परतल्यावरचा असे पाच चहा झाले, तर ४० ते ५० ग्रॅम साखर फक्त चहातून गेली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलेली मर्यादा अशी : वरून घातलेली साखर दिवसभराच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत हवी, आणि पाच टक्क्यांच्या आत राहिली तर आणखी बरं. दोन हजार कॅलरीच्या आहारात याचा अर्थ ५० ग्रॅम आणि २५ ग्रॅम. म्हणजे जेवण, फळ, सणाचा गोडाचा घास यांतलं काही मोजायच्या आधीच चहाने मर्यादा गाठलेली असते. सोबतची खारी आणि ग्लुकोजची बिस्किटं मी यात धरलेलीच नाहीत.

चहातली ही साखर म्हणजे १६० ते २०० कॅलरींचा ऐवज आहे, जवळपास दोन पोळ्यांएवढा. फरक इतकाच की दोन पोळ्या खाल्ल्या तर पोटाला कळतं. पातळ पदार्थातून आलेली साखर पोट भरल्याची जाणीव फारशी देत नाही, त्यामुळे पुढच्या जेवणात तेवढं कमी खाल्लं जात नाही. या कॅलरींना ३६५ ने गुणून ‘चहा सोडा, वर्षात आठ-नऊ किलो घटवा’ असं सांगणारे तक्ते मोबाइलवर फिरतात. त्यांवर विश्वास ठेवू नका. वजन उतरू लागलं की शरीराचा खर्चही कमी होतो, त्यामुळे घट हळूहळू मंदावते. तरीही कुठलीही उपासमार न करता दिवसाला दोनशे कॅलरी वाचवण्याची इतकी सोपी जागा आपल्या आहारात दुसरी सापडत नाही.

महामार्गावर आता जागोजागी ‘गुळाचा चहा’ अशा पाट्या दिसतात. गुळाला स्वतःची चव आहे, थोडे क्षारही आहेत, पण वजनाच्या हिशोबात शंभर ग्रॅम गूळ आणि शंभर ग्रॅम साखर यांत फारसा फरक नाही. तीच गत कोकम सरबताची. शीतपेय सोडून कोकमाकडे वळलेल्यांचं मला कौतुक आहे, पण अमृत कोकम हे सालींच्या दीडपट-दुप्पट साखर घालून मुरवलेलं असतं. त्याच्या ग्लासातली साखर बाटलीबंद शीतपेयाच्या आसपास पोचू शकते. मिठात मुरवलेलं आगळ घ्या, पाणी आणि जिरेपूड घाला, ही वेगळी गोष्ट झाली. त्यात कॅलरी नगण्य. फक्त रक्तदाब असणाऱ्यांनी मिठाकडे बघावं.

आता गोळ्या. आज बाजारात सर्वांत जास्त दिसणाऱ्या कृत्रिम गोडव्यांपैकी एक म्हणजे सुक्रालोज, आणि त्याच्या शोधाशी फडणीस हे आपल्या ओळखीचं आडनाव जोडलेलं आहे. १९७६ साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात प्रा. लेस्ली हफ यांच्या प्रयोगशाळेत शशिकांत फडणीस काम करत होते. टेट अँड लाइल या ब्रिटिश साखर कंपनीबरोबर तिथे साखरेच्या रेणूंना क्लोरीन जोडून नवे पदार्थ बनवले जात होते. साखरेला खाण्याखेरीज आणखी काय उपयोग सापडतो, हा शोध होता. त्यातला एक पदार्थ तपासायला सांगितलेलं असताना फडणीसांना तो चाखायला सांगितल्याचं ऐकू आलं, आणि त्यांनी तो जिभेवर ठेवला. तो विलक्षण गोड निघाला. त्यातूनच साखरेच्या सुमारे सहाशेपट गोड असलेलं सुक्रालोज पुढे आलं. कॅनडाने १९९१ मध्ये आणि अमेरिकेने १९९८ मध्ये त्याला परवानगी दिली.

ते गोड का लागतं आणि कॅलरी का देत नाही, हे समजून घेण्यासारखं आहे. साखरेच्या रेणूतल्या हायड्रॉक्सिल गटांपैकी तिघांच्या जागी क्लोरीनचे अणू बसवले की जिभेवरचे चव ओळखणारे ग्राही त्याला साखरेहून कितीतरी घट्ट धरतात. पचनसंस्थेतल्या विकरांना मात्र तो रेणू तोडता येत नाही. बहुतेक भाग जसाच्या तसा बाहेर पडतो. सॅकरिन आणि अस्पार्टेम यांची रचना निराळी, पण जन्मकथा अशाच. १८७९ मध्ये कॉन्स्टँटिन फालबर्ग यांना प्रयोगशाळेतून आल्यावर हाताला लागलेली गोडी जाणवली, आणि १९६५ मध्ये जेम्स श्लाटर यांनी कागद उचलण्यासाठी बोट चाटलं तेव्हा अस्पार्टेम सापडलं. वजन कमी करण्यासाठी म्हणून यांतलं काहीही शोधलं गेलं नव्हतं. तो उपयोग मागाहून चिकटला, म्हणून तो खरा ठरतो का, हे वेगळं तपासावं लागतं.

इथे पुरावा दोन दिशांना जातो. माणसांचे दोन गट करून एकाला साखरेचं पेय आणि दुसऱ्याला गोडवा घातलेलं पेय दिलं, की काही महिन्यांत दुसऱ्या गटाचं वजन थोडं कमी भरतं. सरासरी एक किलोच्याही आत. उलट हजारो लोकांवर वर्षानुवर्षं नजर ठेवणाऱ्या पाहण्यांत डाएट पेयं पिणाऱ्यांत लठ्ठपणा, टाइप २ मधुमेह आणि हृदयविकार जास्त आढळतात. यातला एक गुंता असा की ज्यांचं वजन आधीच वाढलं आहे तेच डाएट पेयाकडे वळतात. दुसरा गुंता आपण रोज बघतो. वडापाव, भजी आणि ‘झिरो’चा डबा ही जोडी. डब्यातली वाचलेली साखर मनात कुठेतरी जमा होते आणि दुसऱ्या वडापावला परवानगी मिळते. २०२३ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने हा सगळा पुरावा पाहून सल्ला दिला की वजन आटोक्यात ठेवण्याचं साधन म्हणून असे गोडवे वापरू नयेत. हा सल्ला सशर्त आहे आणि ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना तो लागू केलेला नाही, ही ओळ बातम्यांमधून बहुतेक वेळा गळून पडली.

आपल्याला जवळचा अभ्यास चेन्नईचा आहे. डॉ. व्ही. मोहन यांच्या मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनने टाइप २ मधुमेहाच्या रुग्णांना १२ आठवडे चहा-कॉफीत साखरेऐवजी सुक्रालोज घालायला दिलं. रक्तातल्या साखरेच्या तीन महिन्यांच्या सरासरीत फरक पडला नाही. वजन आणि कमरेचा घेर किंचित उतरला. मला हा निकाल फार प्रामाणिक वाटतो. रोज साखरेचा चहा पिणाऱ्याने साखर काढून तिच्या जागी गोळी घातली, तर थोडा फायदा आहे. जो मुळात साखर घेतच नाही त्याने गोळी सुरू केली, तर काहीही मिळणार नाही. हीच कसोटी डाएट सोड्याला लावा. रोज तीनशे मिलिलिटर साधं शीतपेय पिणाऱ्याच्या पोटात तीस ग्रॅमहून जास्त साखर जाते. त्याने डाएट पेय घेतलं तर ती वाचते. पाणी किंवा ताक पिणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊच नये.

अस्पार्टेमने कर्करोग होतो का, या भीतीबद्दल थोडक्यात. जुलै २०२३ मध्ये कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्याला ‘कदाचित कर्ककारक’ अशा गटात टाकलं, ज्याचा अर्थ पुरावा मर्यादित आहे. त्याच वेळी अन्नात घातल्या जाणाऱ्या पदार्थांची तपासणी करणाऱ्या समितीने वजनाच्या दर किलोमागे रोज ४० मिलिग्रॅमची जुनी मर्यादा कायम ठेवली. ७० किलोच्या माणसाला ती ओलांडायला दिवसाला नऊ ते चौदा डबे प्यावे लागतील. फिनाइलकिटोनुरिया हा जन्मजात विकार असलेल्यांना मात्र अस्पार्टेम पूर्ण वर्ज्य आहे. लहान मुलांना यातलं काहीच देऊ नये. वेष्टनावर तशी सूचना असते, ती वाचा. आणि घरी वापरत असाल तर एवढं लक्षात ठेवा : अस्पार्टेम उकळलं की गोडी जाते, म्हणून ते कपात वरून घालायचं. सुक्रालोज उकळत्या चहात टिकतं, पण ओव्हनमध्ये भाजायच्या नानकटाईत ते घालू नये. १२० अंशांच्या वर ते फुटू लागतं आणि नको ती क्लोरीनयुक्त संयुगं तयार होऊ शकतात. ‘शुगर फ्री’ लिहिलेल्या बिस्किटात मैदा आणि तूप तितकंच असतं, हे वेगळं सांगायला नको.

कॉफी मात्र मला मनापासून आवडणारा विषय आहे. घरोघरी पाहुण्यांसाठी होणारी जायफळाची, सायीच्या दुधाची कॉफी सुंदर असते, पण तो एक पदार्थ आहे, पेय नव्हे. वजनाच्या संदर्भात ज्या कॉफीची चर्चा होते ती पाण्यातली, बिनसाखरेची. तिच्यात पाचच्या आत कॅलरी. ‘कॉफीने चरबी जळते’ या दाव्याचा हिशोब करून बघा. शंभर मिलिग्रॅम कॅफिन घेतल्यावर सुमारे अडीच तास बसल्याजागचा ऊर्जाखर्च तीन-चार टक्क्यांनी वाढतो. बसल्याजागी मिनिटाला साधारण एक कॅलरी खर्च होते असं धरलं, तर कमाई पाच-सहा कॅलरींची. पाव-अर्धा चमचा साखर ती पुसून टाकते. अमेरिकेत परिचारिका आणि आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मोठ्या समूहांवरचा अभ्यास २०२३ मध्ये आला, त्यातही आकडे असेच छोटे आहेत : रोज एक कप बिनसाखरेची कॉफी वाढवणाऱ्यांचं वजन चार वर्षांत ०.१२ किलोने कमी वाढलं, आणि रोज एक चमचा साखर वाढवणाऱ्यांचं ०.०९ किलोने जास्त. साखर घातलेल्या कॉफीत पहिला फायदा दुसऱ्याने जवळजवळ खाल्ला.

धाटावच्या रात्रपाळीवाल्यांसाठी यात एक गंभीर गोष्ट आहे. रक्तातलं कॅफिन निम्मं व्हायला सुमारे पाच तास लागतात. झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन घेतलं तरी झोप तासाभराहून जास्त कमी होते, असं २०१३ च्या एका प्रयोगात दिसलं. पहाटे चारनंतर जाग राहावी म्हणून कॉफी किंवा कडक चहा घेणारा माणूस सकाळी आठ-नऊला अंथरुणावर पडतो तेव्हा ते कॅफिन त्याच्या अंगातच असतं. झोप तुटली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते आणि गोड-तळलेलं खावंसं वाटतं. पाळीच्या पहिल्या अर्ध्यात घ्यायचं ते घ्या, नंतर पाणी. आयसीएमआरच्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली आहे. फिल्टरच्या एका कपात ८० ते १२०, झटपट कॉफीत ५० ते ६५ आणि चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असतं. जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर दोन्ही टाळावीत, असंही ही संस्था सांगते, कारण त्यांतल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. रक्त कमी असलेल्या बायकांनी भूक मारण्यासाठी जेवणाच्या जागी कोरा चहा किंवा कॉफी घेणं हा वजन उतरवण्याचा मार्ग नाही, आजाराचा आहे.

मग साखर सोडायची कशी? लंडनमध्ये ६४ पुरुषांवर महिनाभराचा एक छोटा प्रयोग झाला, चहातल्या साखरेचाच. काहींनी ती हळूहळू कमी केली, काहींनी एकदम बंद केली. शेवटी पहिल्या गटातले ४२ टक्के आणि दुसऱ्यातले ३६ टक्के बिनसाखरेच्या चहावर टिकले होते. आणि साखर कमी झाली म्हणून चहा नावडता झाला नाही. घरी हे आजपासून करता येईल : दोन चमच्यांचा दीड, पंधरवड्याने एक. गोळी लागलीच तर मधल्या काळापुरती.

टपरीवर आणि कारखान्याच्या कँटीनमध्ये मात्र हे जमत नाही. तिथे साखर पातेल्यातच उकळलेली असते, यंत्राच्या चहाच्या पावडरीत ती आधीच मिसळलेली असते. खिशात गोळ्यांची डबी असून काय उपयोग? प्यायच्या आधीच निर्णय दुसऱ्याने घेतलेला असतो. कँटीनच्या कमिटीत कामगारांचे प्रतिनिधी असतात. त्यांनी बिनसाखरेच्या चहाची एक किटली आणि शेजारी साखरेची बरणी मागावी. याला पैसा लागत नाही, उलट साखर वाचते. नाक्यावरच्या टपरीवाल्या दादांना दहा गिऱ्हाइकांनी रोज सांगितलं, तर तेही एक पातेलं वेगळं ठेवतील. मधुमेहाची गिऱ्हाइकं त्यांच्याकडे आजही कमी नाहीत.

पुढच्या लेखांकात : भात आणि तांदळाची भाकरी.