लाल मणी सरकला तर

वरूड तालुक्यात दवाखान्यातून बाळंतीण घरी आली की बाळाच्या जन्मापासून तिसऱ्या दिवशी गावची आरोग्य कार्यकर्ती, आशाताई, दारात हजर. पिशवीतून झोळीचा वजनकाटा निघतो, थर्मामीटर निघतं, घड्याळ निघतं. बाळाला तोलून झालं, अंग गार तर नाही ना हे पाहून झालं, की ती झबलं वर करते आणि मिनिटभर नुसती बाळाच्या पोटाकडे बघत बसते. ती श्वास मोजत असते. सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ती पुन्हा येते. बाळंतपण घरीच झालं असेल तर पहिल्या दिवशीही. जरूड असो की राजुरा बाजार, पद्धत हीच.

कोणालाही वाटेल, हे दिल्लीतल्या कार्यालयात ठरलं असणार. २०११ पासून सरकारनं ही पद्धत देशभर नेली, हे खरं. पण ती जन्मली आपल्या विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीच्या खेड्यांत. आणि तिची वाट ज्यांनी पाडली, त्यांत बारापलीकडे मोजता न येणाऱ्या बायाही होत्या.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. तिथे लहान मुलं न्यूमोनियानं दगावत होती. या आजारात फुप्फुस ताठर होतं, एका श्वासात पुरेशी हवा आत जात नाही, म्हणून मूल भराभर श्वास घेऊ लागतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त झाले, तर धोका. म्हणजे निदानाला एक्स-रे नको, स्टेथोस्कोपही नको. साठपर्यंत मोजता आलं की झालं. आणि गाडी इथेच अडली. बाळाच्या सगळ्यात जवळ असणारी गावची सुईण दहा-बाराच्या पुढे मोजत नव्हती.

मग एक साधं यंत्र तयार झालं. लाकडी चौकटीत मण्यांच्या दोन ओळी आणि शेजारी एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ. घड्याळ उलटायचं, दहा श्वास मोजायचे, एक मणी सरकवायचा. पुन्हा दहा, पुन्हा एक मणी. तान्ह्या बाळाच्या ओळीतला सहावा मणी लाल, थोड्या मोठ्या मुलांच्या ओळीतला पाचवा. वाळू संपण्याआधी लाल मण्यापर्यंत पोचलो, की न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचं. मला हे यंत्र फार मोठं वाटतं. ‘हिला मोजता येत नाही’ म्हणून सुईणीला बाजूला सारणं किती सोपं होतं! इथे तिला जेवढं मोजता येतं तेवढ्यावर निदान उभं केलं.

पुढची पायरी आणखी धाडसाची. ३९ गावांत गावातल्याच, जेमतेम शाळा शिकलेल्या बायांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केलं गेलं. त्या घरोघर जाऊन नवजात बाळांची वजनं, ताप, श्वास, दूध पिणं सगळं नोंदवू लागल्या, आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर जेंटामायसिनचं इंजेक्शनही देऊ लागल्या. तान्ह्या बाळाला, घरात, गावातल्या बाईनं इंजेक्शन द्यायचं! डॉक्टरांच्या जगाला हे पचणं अवघडच होतं. पण आकडे बोलले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष छापून आला: शेजारच्या ४७ गावांशी तुलना करता या गावांतले नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. बाळांच्या तब्येतीच्या नोंदी त्या बायांनीच ठेवल्या होत्या, आणि उपचारही त्यांच्याच हातचे. आपल्याच अमरावती जिल्ह्यात, मेळघाटात, डॉ. आशिष सातव यांच्या ‘महान’ संस्थेनंही गावातल्या बायांच्याच बळावर बालमृत्यूंचं काम उभं केलं आहे.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच: संशोधन कशावर करायचं, हे कोण ठरवणार? बंगांनी सुरुवातीला सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा अभ्यास केला. आजार आदिवासींमध्ये भरपूर सापडला, विज्ञानाच्या दृष्टीनं मोलाचं काम झालं. लोकांच्या लेखी मात्र तो त्यांचा प्रश्नच नव्हता. बायांचं दुखणं मात्र होतं, आणि त्यावर कोणी बोलत नव्हतं. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी झाली, तेव्हा ९२ टक्के जणींना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाले. याआधी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. १९८९ साली हे छापून आलं तेव्हा जगभरच्या आरोग्यतज्ज्ञांचे डोळे उघडले, कारण तोवर गरीब देशांतली बाई म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढाच हिशेब असायचा.

दवाखान्याचंही तसंच. मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातेवाइकांना बाहेर ठेवतात, असं लोकांनी सांगितलं. म्हणून ‘सर्च’च्या शोधग्राम या वसाहतीतला दवाखाना झोपड्यांच्या गावासारखा उभारला आणि त्याला दंतेश्वरी देवीचं नाव दिलं. देवीच्या जत्रेला गावोगावचे आदिवासी जमतात आणि आपले आरोग्याचे प्रश्न मांडतात. तिथे एक दुखणं पुढे आलं, जे तज्ज्ञांच्या यादीत वर नव्हतं: कंबर आणि पाठ. चिखलात वाकून धानाची रोवणी करणाऱ्या माणसाला त्याची कंबर म्हणजे त्याची मजुरी. मग पाठदुखीचा गावपातळीवर अभ्यास सुरू झाला, आणि मुंबईचे मणक्याचे शल्यविशारद गडचिरोलीत येऊन शस्त्रक्रिया करू लागले.